तिन्ही नावांची व्यक्ती एकच

जांबोटीच्या नाडकचेरीसमोर, फणसाखाली माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली जुन्या वहीचा पुठ्ठा.
अर्जीचे तीस रुपये.
कानडीत लिहून हवी तरी तीसच,
भाषेचे वेगळे घेत नाही.

आत सर्व्हर बहुतेक झोपलेला असतो.
जागा झाला की शिपाई दारात येऊन हात हलवतो
आणि कट्ट्यावरची माणसं
कणकुंबीची गाडी लागल्यासारखी उठतात.
उत्पन्नाचा दाखला, वारसा, पहाणी,
शिवाय तो अंगठा, मशीनला न पटणारा.
चिखलणीत झिजलेल्या रेषा, त्या कुठून उमटणार?
"ओल्या फडक्यानं पुसा," मी सांगतो,
"आणि जरा दाबून धरा."
याचे पैसे नाहीत.

त्या गुरुवारी झंगरूच्यांच्या म्हाताऱ्या आल्या.
खताच्या पिशवीत कागद, कागदांना भाताचा कोंडा.
रेशनकार्डात तानूबाई.
आधारवर तानाबाई, कॅम्पातल्या पोरानं घाईत मारलेली.
पहाणीत, अकरा गुंठ्यांच्या मालकाच्या रकान्यात,
तानव्वा.
आणि विधवेचा पगार सात महिने
या तिघींच्या मधोमध अडकून.

खिडकीतून शिवलीला हुद्दार म्हणाली,
"मूरु हेसरु, अज्जी. निम्मदु यावदु?"
तीन नावं आहेत, त्यातलं तुमचं कुठलं,
असं मराठीत सांगायला मी तोंड उघडलं,
तेवढ्यात बाईच बोलल्या.
कानडीत.
आमच्या इथली तोडकी, बाजारापुरती नव्हे;
बैलहोंगलकडची, जोंधळ्याच्या रानातली,
ऐसपैस.
वीस वर्षं मी यांच्या अर्ज्या लिहितोय,
मला पत्ता नाही.

बाहेर आल्यावर म्हणाल्या,
"म्हायेरात तानव्वाच म्हणायचे मला.
हितं आलो तवा चौदाचा होतो.
सासूनं तानूबाई केलं, मी झालो."

"मग पहाणीत हे कुणी घातलं?"

"त्यांनीच की.
घरात कधी नाव घेऊन हाक मारली न्हाई.
अगं म्हणायचे, न्हाईतर नुसतं खाकरायचे.
जमीन माझ्या नावावर केली त्या दिवशी
कचेरीत जाऊन तेवढं सांगून आले."

मी त्यांना व्यवहाराचं सांगितलं.
एक पहाणी बदलायची, झालं.
आधार आणि रेशन, दोन्ही बदलायची म्हणजे
खानापूरला दोन खेपा, नोटरी, फोटो,
परत हीच खिडकी.
भाड्याचाच हिशेब करा, म्हटलं.
बाईंनी कनवटीच्या नोटा मोजल्या,
एक दुमडून परत ठेवली.
"पहाणीला हात लावायचा न्हाई.
बाकीच्या दोघींचं काय ते बघ."

मग मी शपथपत्र लिहिलं:
वर नमूद केलेल्या तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून
ती मी स्वतः आहे.
हे वाक्य मी हजारदा लिहिलंय.
कधी हात अडखळला नव्हता.
दुरुस्तीच्या कारणाला रकाना असतो दीड ओळीचा.
त्यात मी घातलं: लेखनदोष.
दुसरं काय घालणार.

कागद आत गेला आणि सर्व्हर बसला.
"नाळे बर्री," शिपायानं कट्ट्याला एकदमच सांगितलं.
उद्या शुक्रवार, परवा दुसरा शनिवार.
माणसं पांगली.
गाडी चारला, म्हणून बाई फणसाखालीच टेकल्या,
पिशवीतला कोंडा झटकत.

दीडला शिवलीला डबा घेऊन पायरीवर आली.
झाकण उघडलं आणि तिथूनच,
ओळखीच्या घरात मारावी तशी, हाक:
"तानव्वा, रोट्टी तिंतिर्‍येनु?"

बाईंची मान इतक्या चटकन वळली
की मला नीट बघवेना.
टेबलाखालचा पुठ्ठा सरकला होता.
मी तो बसवायला वाकलो.